पीएचपीतली तीच त्रुटी बारा वर्षांनी पुन्हा कशी निघाली?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट गावातल्याच एका मुलाने दहा-बारा वर्षांपूर्वी पीएचपीमध्ये करून दिली. ती आजही नीट चालते. आता होस्टिंगवाले सांगतात की सर्व्हरवरची पीएचपी जुनी झाली, तिच्यात सुरक्षेच्या त्रुटी आहेत, ती बदलावी लागेल आणि त्यासाठी वेबसाइटही दुरुस्त करून घ्यावी लागेल. सॉफ्टवेअर काही झिजत नाही. मग इतकी वर्षं बरी असलेली गोष्ट आताच धोक्याची कशी झाली? शिवाय एकदा दुरुस्त केलेली त्रुटी पुन्हा निघते, असंही ऐकलं. ते कसं शक्य आहे?
— वाचनालयाचे एक कार्यवाह, सांगली जिल्हा

उत्तर : सॉफ्टवेअर झिजत नाही, हे आपलं म्हणणं बरोबरच आहे. आज जाहीर होणारी त्रुटी सहसा कालपरवा आलेली नसते. ती कित्येक वर्षं आतच बसलेली असते, कुणाच्या नजरेला पडलेली नसते एवढंच. एकदा ती कुणी दाखवून दिली की चार दिवसांत जगभर माहीत होते, आणि कालपर्यंत सुरक्षित वाटणारा सर्व्हर त्याच अवस्थेत राहूनही धोक्यात येतो. दुरुस्त झालेली त्रुटी पुन्हा कशी निघते, याचं उत्तर मात्र थोडं लांबचं आहे. त्यासाठी पीएचपीच्याच इतिहासातली एक हकीकत सविस्तर सांगतो. तिच्यात आपल्या दोन्ही शंकांचं उत्तर आहे, आणि तिचा एक धागा गोव्यापर्यंत येतो.

पीएचपी मूळची रास्मुस लेरडॉर्फ यांची. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या या प्रोग्रॅमरने १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी काही साधनं तयार केली आणि जून १९९५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. आज विकिपीडिया पीएचपीवर चालतो, वर्डप्रेसवरच्या असंख्य वेबसाइटही. आपण पान उघडतो तेव्हा सर्व्हरवर पीएचपीचा प्रोग्रॅम चालतो आणि त्यातून तयार झालेलं पान तेवढं आपल्याकडे येतं. मूळ प्रोग्रॅम वाचकाला दिसत नाही, दिसूही नये. कारण डेटाबेसचा पासवर्ड पुष्कळदा त्यातच लिहिलेला असतो.

वेब सर्व्हरने हा प्रोग्रॅम चालवायचा कसा, याच्या ज्या पद्धती आहेत त्यांतली सर्वांत जुनी सीजीआय. तिच्यात दर मागणीला पीएचपी नव्याने सुरू होते, पान तयार करते आणि संपते. पत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढे जो मजकूर असतो, समजा ‘क्रमांक=२१४’, तो सर्व्हर पीएचपीच्या हाती देतो. इथवर काही बिघडत नाही. पण सीजीआयच्या नियमांत १९९०च्या दशकातला एक जुना रिवाज टिकून राहिला होता. प्रश्नचिन्हापुढच्या मजकुरात बरोबरचं चिन्ह नसेल तर ते शोधायचे शब्द समजावेत आणि प्रोग्रॅमला कमांड लाइनवरून द्यावेत, असा तो रिवाज. त्या काळच्या साध्या शोधपानांसाठी ती सोय होती. २००४ मध्ये सीजीआयचा लेखी दस्तऐवज निघाला, त्यातही ती कायम राहिली.

कमांड लाइन ही सर्व्हरच्या मालकाने प्रोग्रॅमला हुकूम देण्याची जागा. तिथे पीएचपीला ‘-एस’ असं सांगितलं की ती पान चालवत नाही, पानाचा मूळ प्रोग्रॅमच छापून दाखवते. ‘-डी’ सांगून पीएचपीची कुठलीही सेटिंग त्या वेळेपुरती बदलता येते. आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. कुणीही परका माणूस पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकतो आणि पुढे ‘-एस’ लिहितो. बरोबरचं चिन्ह नाही, म्हणून सर्व्हर तो शोधाचा शब्द समजून कमांड लाइनवर ठेवतो, आणि पीएचपी तो मालकाचा हुकूम समजून पासवर्डासकट सगळा प्रोग्रॅम त्याच्यापुढे मांडते. ‘-डी’ वापरलं तर याहून वाईट. ‘पान चालवण्याआधी मी पाठवतो तो मजकूर प्रोग्रॅम म्हणून चालव’ अशी सेटिंग लावता येते, आणि मग सर्व्हर त्या माणसाच्या ताब्यात जातो. आपल्या वाचनालयात सभासदांच्या मागणीच्या चिठ्ठ्या आणि कार्यवाहांचे लेखी आदेश एकाच ट्रेमध्ये पडत असते, आणि शिपाई हस्ताक्षर न पाहता हाती येईल ते करत असता, तर जे झालं असतं तेच हे.

हा धोका पीएचपी लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हता असं नाही. वेब सर्व्हरच्या हाताखाली चालताना कमांड लाइन वाचायचीच नाही, अशी तपासणी पूर्वी प्रोग्रॅममध्ये होती. पण पीएचपीच्या चाचण्या आपण वेब सर्व्हर असल्याचा बहाणा करत आणि त्याच वेळी ‘-डी’चाही भरपूर वापर करत. या तपासणीमुळे त्या चाचण्या अडत होत्या. फेब्रुवारी २००४ मध्ये खुद्द लेरडॉर्फ यांनी सहकाऱ्यांना विचारलं की आपण ही तपासणी का ठेवली होती, कुणाला आठवतं का? पुढे ती काढून टाकली गेली. मला या हकिकतीत सर्वांत महत्त्वाची जागा हीच वाटते. निष्काळजी माणसाने घाईत केलेली ही चूक नव्हती. जाणत्या माणसांनी, चाचण्या सुधाराव्यात अशा चांगल्या हेतूने, एक ओळ काढली. ती ओळ कशासाठी होती याची आठवण तेवढी मागे पडली होती.

पुढची आठ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. जानेवारी २०१२ मध्ये आइंडबाझन नावाचा एक डच चमू नलकॉनची हॅकिंग स्पर्धा खेळत होता. नलकॉन ही गोव्यात भरणारी संगणक-सुरक्षेची परिषद, आणि त्या निमित्ताने अशी स्पर्धा होते. कोडी सोडवता सोडवता या मंडळींनी पत्त्यात ‘-एस’ घालून पाहिलं, आणि कोडं बाजूला राहून पीएचपीतच खरी त्रुटी हाती लागली. त्यांनी गाजावाजा केला नाही. १७ जानेवारीला पीएचपीच्या सुरक्षा-चमूला गुपचूप कळवलं आणि दुरुस्तीची वाट पाहत राहिले. तीन महिने उलटले तरी ती झाली नव्हती. मेच्या सुरुवातीला पीएचपीच्या तक्रार-नोंदवहीतली ती खाजगी नोंद चुकून सगळ्यांना खुली झाली आणि बातमी फुटली.

मग धावपळ उडाली. ३ मे २०१२ रोजी ५.३.१२ आणि ५.४.२ या आवृत्त्या निघाल्या. त्यांतली दुरुस्ती सहज चुकवता येते, हे लगेचच दिसून आलं. ८ मे रोजी ५.३.१३ आणि ५.४.३ काढाव्या लागल्या. पीएचपी ज्यांच्या सर्व्हरच्या आतच बसवलेली होती किंवा फास्टसीजीआय या नंतरच्या पद्धतीने चालत होती, त्यांना या त्रुटीची झळ नव्हती. साध्या सीजीआयवाल्यांना होती. फेसबुकलाही ती नव्हती, पण तिथल्या मंडळींनी एक गंमत करून ठेवली. फेसबुकच्या पत्त्यापुढे कुणी ‘-एस’ लावून पाहिलं की त्याला प्रोग्रॅमसारखी दिसणारी एक ओळ दिसे, आणि तिच्यात सुरक्षा-अभियंत्याच्या नोकरीच्या जाहिरातीचा दुवा असे.

८ मेच्या दुरुस्तीत नेमकं काय केलं ते पाहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. प्रश्नचिन्हापुढच्या मजकुरात बरोबरचं चिन्ह नसेल तर पीएचपी तो मजकूर उलगडून बघते, सुरुवातीच्या मोकळ्या जागा सोडून देते, आणि पहिलं चिन्ह ‘-’ असेल तर कमांड लाइनवरचे हुकूम वाचत नाही. म्हणजे परक्याचा मजकूर हुकमाच्या जागी पोचण्याची वाट तशीच राहिली. वाटेत एक पहारा बसवला आणि त्याला एका चिन्हाची ओळख करून दिली. संगणकाच्या लेखी ते चिन्ह म्हणजे ४५ हा आकडा.

बारा वर्षं हा पहारा पुरला.

७ मे २०२४ रोजी तैवानच्या डेव्हकोर या कंपनीतल्या ऑरेंज त्साय या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या संशोधकाने पीएचपीला कळवलं की विंडोजवर हा पहारा चुकवता येतो. युनिकोडमध्ये १७३ क्रमांकाचं एक चिन्ह आहे, सॉफ्ट हायफन. ओळीच्या शेवटी लांब शब्द तोडावा लागला तर कुठे तोडायचा, याची ती अदृश्य खूण; डीटीपी करणाऱ्यांना ती चांगली माहीत असते. आता चिनी आणि जपानी विंडोजच्या जुन्या अक्षरसंचांत हे चिन्हच नाही. युनिकोडमधला मजकूर त्या अक्षरसंचात बसवताना एखादं चिन्ह सापडलं नाही तर विंडोज त्याच्या जागी दिसायला जवळचं चिन्ह ठेवतं. सॉफ्ट हायफनला जवळचं कोणतं? साधं हायफन. म्हणजे पीएचपीच्या पहाऱ्याने मजकूर तपासला तेव्हा तिथे १७३ होता, आणि पहारेकरी ४५ शोधत होता, म्हणून मजकूर पुढे गेला. विंडोजने तोच मजकूर कमांड लाइनवर ठेवला तेव्हा १७३ चा ४५ झाला होता. २०१२ मध्ये बंद केलेली वाट पुन्हा मोकळी झाली.

आपण विचारलेली गोष्ट हीच. २०१२ ची दुरुस्ती कुणी बिघडवली नव्हती, ती जशीच्या तशी जागेवर होती. विंडोजची ही अक्षर बदलण्याची रीतही जुनीच. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी वर्षानुवर्षं होत्या आणि त्यांना जोडून पाहणारा माणूस २०२४ मध्ये निघाला.

६ जून २०२४ रोजी ८.१.२९, ८.२.२० आणि ८.३.८ या आवृत्त्या आल्या. यात पीएचपी विंडोजलाच विचारते की हे पहिलं चिन्ह तू कशात बदलणार आहेस? उत्तर हायफन आलं तर हुकूम वाचायचे नाहीत. पारंपरिक चिनी, सरलीकृत चिनी आणि जपानी विंडोजवर हा हल्ला चालतो, हे डेव्हकोरने तपासून सांगितलं होतं. बाकीच्या भाषांची ग्वाही दिली नव्हती आणि सगळ्यांनीच नवी आवृत्ती घ्यावी, असं बजावलं होतं. आपल्याकडे संगणकाचे विद्यार्थी पीएचपी शिकताना विंडोजवर झॅम्प हा वेब सर्व्हर आणि पीएचपीचा तयार संच टाकून घेतात. त्या झॅम्पची नेहमीची मांडणीही या त्रुटीच्या कक्षेत येत होती, कारण तिच्यात पीएचपीचा मूळ प्रोग्रॅमच वेबवरून हाक मारण्याजोग्या जागी ठेवलेला असतो. शिकायच्या लॅपटॉपवर ठीक. तोच लॅपटॉप कार्यालयाचा सर्व्हर म्हणून इंटरनेटला जोडून ठेवला तर ते धोक्याचं आहे.

माझं स्पष्ट मत असं, की या दोन्ही दुरुस्त्या गरजेच्या होत्या, पण त्या त्रुटीच्या तोंडाला केलेल्या होत्या, मुळाला नव्हे. परक्याचा मजकूर हुकमाच्या जागी जाऊच नये, ही खरी दुरुस्ती. तशी ती का करत नाहीत, हे विचारणं सोपं आहे. कारण एवढंच की जुना रिवाज मोडला तर त्यावर उभे असलेले लोकांचे चालू प्रोग्रॅम मोडतात. पीएचपीवाल्यांनी एकदा तो कठीण मार्गही पत्करला आहे. ‘रजिस्टर ग्लोबल्स’ नावाची एक सोय पूर्वी होती. तिच्यामुळे पत्त्यातून आलेलं कुठलंही नाव प्रोग्रॅमच्या आत थेट चल (व्हेरिएबल) म्हणून उभं राही, आणि ‘मी व्यवस्थापक आहे’ असं पत्त्यातूनच घुसवता येई. २००२ मध्ये ४.२ आवृत्तीत ती मुळात बंद ठेवायला सुरुवात केली आणि २०१२ मध्ये ५.४ मध्ये कायमची काढली. मधे दहा वर्षं गेली, आणि तेवढी जाऊ द्यावी लागली. सीजीआयच्या बाबतीत डेव्हकोरचा सल्ला मुळावरचाच होता. ही पद्धतच जुनाट झाली आहे, ती सोडून पीएचपी-एफपीएमसारख्या पद्धतीकडे जा, असं त्यांनी सांगितलं.

हे सगळं करतं कोण, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. पीएचपी कुणा एका कंपनीची नाही. तिची काळजी घेणाऱ्यांत स्वयंसेवक पुष्कळ, आणि नोव्हेंबर २०२१ पासून पीएचपी फाउंडेशन काही जणांना त्यासाठी वेतन देतं. त्यांच्या दक्षतेचं एक उदाहरण द्यायलाच हवं. २८ मार्च २०२१ रोजी पीएचपीच्या मूळ प्रोग्रॅममध्ये लेरडॉर्फ आणि पीएचपीचेच एक प्रोग्रॅमर निकिता पोपोव्ह यांच्या नावाने दोन बदल शिरले. छपाईची चूक दुरुस्त केल्याचं सोंग होतं. आत मागचा दरवाजा, म्हणजे परक्याला सर्व्हरमध्ये गुपचूप शिरायची सोय, लपवलेला होता. ते बदल त्या दोघांनी केलेले नव्हते, त्यांचं नाव वापरलं होतं. नव्या बदलांवर नेहमीची नजर फिरवताना काही तासांतच ते उघडकीला आलं आणि काढलं गेलं. कुठल्याही प्रसिद्ध आवृत्तीत ते पोचलं नाही. त्यानंतर मूळ प्रोग्रॅम ठेवण्याचा स्वतःचा सर्व्हर बंद करून त्यांनी ते काम गिटहबवर नेलं. दुसऱ्याने लिहिलेली ओळ न कंटाळता वाचणारे हे लोक आहेत म्हणून आपल्या वेबसाइटी उभ्या आहेत, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

त्यांचं काम दुरुस्ती प्रसिद्ध करण्यापाशी संपतं. पुढचं काम आपलं, आणि तिथे वेळ फार थोडा असतो. पीएचपीचा प्रोग्रॅम सर्वांना खुला असल्यामुळे जुनी आणि नवी आवृत्ती समोरासमोर ठेवली की नेमकी कुठली ओळ बदलली हे दिसतं, आणि त्यावरून त्रुटी कुठे होती हे हल्लेखोरालाही कळतं. २०२४ ची दुरुस्ती ६ जूनला आली. दोनच दिवसांत, ८ जूनला, टेल यू द पास नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरचे हल्ले याच त्रुटीतून सुरू झाल्याचं इम्पर्वा या सुरक्षा-कंपनीने नोंदवलं. ऑगस्टमध्ये तैवानच्याच एका विद्यापीठात मागचा दरवाजा सापडला. तो बहुधा याच वाटेने आत आला होता.

आता आपल्या वाचनालयाकडे वळू. वेबसाइट दहा-बारा वर्षांपूर्वीची, म्हणजे तेव्हाची पीएचपी ५ असणार. ५.६ या मालिकेतल्या शेवटच्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायच्या बंद झाल्या ३१ डिसेंबर २०१८ रोजी, ७.४ ला नोव्हेंबर २०२२ मध्ये. २०२४ ची दुरुस्ती पीएचपीने ५, ७ किंवा ८.० साठी काढलीच नाही. आपला सर्व्हर लिनक्सवर असेल तर ही विशिष्ट त्रुटी आपल्याला लागू नाही. पण नंतर निघालेल्या आणि पुढे निघणाऱ्या बाकीच्या त्रुटींचं काय, हा प्रश्न उरतोच. होस्टिंगवाले म्हणतात ते बरोबर आहे.

इथे एक खुलासा. सर्व्हरवरचा आवृत्तीचा आकडा जुना दिसला म्हणजे दुरुस्ती नाहीच, असं नसतं. डेबियन, उबुंटू, रेड हॅट ही मंडळी आकडा तोच ठेवून सुरक्षेची दुरुस्ती जुन्या आवृत्तीत मागून बसवतात. म्हणून नुसता आकडा न पाहता ‘या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या अजून मिळतात का, आणि कुणाकडून?’ असं लेखी विचारा.

वेबसाइट दुरुस्त का करावी लागते, त्याचंही कारण सांगतो. त्या काळी डेटाबेसशी बोलायला ‘मायएसक्यूएल’ने सुरू होणारी फंक्शनं सर्रास वापरत. पीएचपी ७ मध्ये, डिसेंबर २०१५ मध्ये, ती काढून टाकली. आपल्या वेबसाइटमध्ये ती असतील तर नव्या पीएचपीवर पानं उघडणारच नाहीत. त्यांच्या जागी ‘मायएसक्यूएलआय’ची जवळजवळ तशाच नावांची फंक्शनं आहेत, आणि नावं बदलून वेबसाइट अर्ध्या दिवसात चालू करून देणारा कुणीही भेटेल. तेवढ्यावर काम संपलं असं कृपा करून मानू नका. आपल्या ग्रंथसूचीतला शोध बहुधा असा लिहिलेला असेल : ‘ज्यांचं शीर्षक अमुक आहे ती पुस्तकं दे’, आणि अमुकच्या जागी वाचकाने टाइप केलेले शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे चिकटवलेले. वाचकाने शब्दांत एक अवतरणचिन्ह टाकलं की शीर्षक तिथेच संपतं, आणि पुढे लिहिलेलं सगळं डेटाबेस हुकूम म्हणून वाचतो. सभासदांची नावं, पत्ते, फोन त्यातून बाहेर काढता येतात. सीजीआयमध्ये झालं तेच, फक्त जागा वेगळी.

यावरची दुरुस्ती मात्र मुळावरची आहे आणि पीएचपीत कधीपासून उपलब्ध आहे. ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ वापरलं की हुकूम आधी वेगळा जातो, वाचकाचे शब्द मागून वेगळे जातात, आणि त्या शब्दांत काहीही असलं तरी डेटाबेस ते शब्द म्हणूनच घेतो. चिन्हं शोधत बसायला नको, पहारा नको. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाला, किंवा आता जो हे काम घेईल त्याला, हाच शब्द सांगा : शोध, लॉगिन आणि सभासद-नोंदणी या तिन्ही ठिकाणी प्रिपेअर्ड स्टेटमेंट हवं. खर्च थोडा वाढेल. वाचनालयाच्या बैठकीत तो मंजूर करून घ्यावा.

काम सुरू करण्याआधी डेटाबेसची आणि सगळ्या फाइलींची प्रत वाचनालयाच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्या. जुन्या फाइलींच्या ‘डॉट ओल्ड’ किंवा ‘डॉट बॅक’ असं शेपूट लावलेल्या प्रती सर्व्हरवर राहू देऊ नका. त्यांना सर्व्हर पीएचपी म्हणून ओळखत नाही, आणि पत्ता टाइप करणाऱ्याला त्या आतल्या पासवर्डासकट साध्या मजकुरासारख्या दाखवतो. काम झाल्यावर डेटाबेसचा पासवर्ड बदलून घ्या.